आगपेटीपासून आगगाडीपर्यंत

पाठपरिचय : मुंबईजवळच्या माथेरानच्या डोंगरावर एक छोटी आगगाडी चढते. हा लोहमार्ग सरकारने बांधला नव्हता. मुंबईतील एका व्यापारी कुटुंबाने तो स्वतःच्या पैशाने बांधला. त्या कुटुंबाचे प्रमुख सर आदमजी पीरभॉय यांच्या जीवनाची आणि त्यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांनी पुऱ्या केलेल्या एका अवघड कामाची ही हकीकत आहे.

मुंबईहून पुण्याकडे आगगाडीने जाताना कल्याण मागे पडले की काही वेळाने नेरळ नावाचे स्टेशन लागते. मोठ्या गाड्यांच्या रुळांशेजारी तेथे आणखी एक रूळजोडी दिसते. ती इतकी अरुंद आहे की पाहणाऱ्याला ती खेळण्यातली वाटावी. दोन रुळांमधले अंतर फक्त दोन फूट आहे. हे चिमुकले रूळ स्टेशनाबाहेर पडतात, शेतांच्या कडेने जातात आणि समोरच्या उंच डोंगरावर वळणे घेत घेत चढू लागतात. त्या डोंगराच्या माथ्यावर माथेरान हे थंड हवेचे ठिकाण आहे.

दरवर्षी हजारो माणसे या गाडीतून प्रवास करतात. मुले खिडकीतून दरी पाहतात, माकडे पाहून टाळ्या वाजवतात. पण हा मार्ग कोणी बांधला, असे विचारले तर फार थोड्यांना उत्तर देता येते. त्याचे उत्तर पीरभॉय या घराण्याच्या इतिहासात आहे, आणि तो इतिहास रस्त्यावर आगपेट्या विकणाऱ्या एका मुलापासून सुरू होतो.

आदमजी पीरभॉय यांचा जन्म सन १८४५च्या सुमारास झाला. त्यांचे कुटुंब मूळचे गुजरातमधील काठेवाडचे. ते दाऊदी बोहरा समाजाचे होते. घरची परिस्थिती अत्यंत गरिबीची होती. पोट भरण्यासाठी हे कुटुंब मुंबईला आले. त्या काळी मुंबई झपाट्याने वाढत होती. १८५३ साली मुंबई ते ठाणे अशी पहिली आगगाडी सुरू झाली होती. कापसाच्या गिरण्या उभ्या राहू लागल्या होत्या. बंदरात दूरदूरच्या देशांची जहाजे येत होती. ज्याच्याजवळ पैसा नाही, पण हातपाय हलवण्याची तयारी आहे, अशा माणसाला या शहरात काही ना काही काम मिळत असे.

आदमजी तेरा वर्षांचे असताना मुंबईच्या रस्त्यांवर आगपेट्या विकत फिरत, असे सांगतात. त्या काळी आगपेट्या आपल्या देशात तयार होत नसत. त्या परदेशातून येत. एका पेटीमागे मिळणारा नफा अगदी किरकोळ असे. दिवसभर उन्हातान्हात हिंडावे, तेव्हा कोठे संध्याकाळी थोडे पैसे गाठीला जमत. शाळेत जाण्याच्या वयात आदमजींना हे काम करावे लागले. पण याच रस्त्याने त्यांना व्यापाराचे धडे दिले. कोणत्या गिऱ्हाइकाला काय हवे आहे, ते वेळेवर कसे पोचवावे आणि दिलेला शब्द कसा पाळावा, हे ते रस्त्यावरच शिकले.

हळूहळू आदमजींनी किरकोळ विक्री सोडली आणि ते ठेकेदारी करू लागले. इंग्रज सरकारच्या सैन्याला नाना वस्तू लागत. त्यांत तंबू ही फार महत्त्वाची वस्तू होती. पलटण एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी निघाली की शेकडो तंबू बरोबर न्यावे लागत. तंबू चांगला नसेल तर पहिल्याच पावसात तो गळतो आणि वाऱ्याने त्याची दोरी तुटते. म्हणून कापड, शिलाई, दोर, खुंट्या या साऱ्यांकडे नीट लक्ष द्यावे लागे. माल ठरलेल्या दिवशी पोचला नाही तर ठेका जात असे. आदमजींचा माल चांगला असे आणि वेळेवर पोचत असे. त्यामुळे त्यांच्यावर विश्वास बसला आणि कामे वाढत गेली. तंबूंबरोबर सैनिकांचे खाकी कपडे, बूट आणि चामड्याचे सामानही ते पुरवू लागले. त्यांनी कापडाची गिरणी चालवली. धारावीच्या भागात चामडे कमावण्याचा आणि बूट तयार करण्याचा मोठा कारखाना काढला. हजारो कामगारांना त्यांच्या कारखान्यांत रोजगार मिळाला.

अशा रीतीने आगपेट्या विकणारा मुलगा मुंबईच्या बड्या व्यापाऱ्यांपैकी एक झाला. लोक आता त्यांना आदमजीशेट म्हणून ओळखू लागले.

संपत्ती आली की पुष्कळ माणसे आपले जुने दिवस विसरतात. आदमजी ते विसरले नाहीत. आजारी आणि अशक्त माणसांना विश्रांती घेता यावी म्हणून मुंबईत चर्नी रोडजवळ त्यांच्या नावाचे आरोग्यधाम उभे राहिले. समाजाच्या अनेक कामांना त्यांनी सढळ हाताने मदत केली. सन १८९७मध्ये ते मुंबईचे शेरीफ झाले. शेरीफ हे मोठ्या मानाचे पद होते. शहरातील प्रतिष्ठित नागरिकाला ते दिले जाई. मात्र हे वर्ष मुंबईच्या दृष्टीने सुखाचे नव्हते. १८९६ साली शहरात प्लेगची भयंकर साथ आली होती. माणसे पटापट मरत होती. घाबरलेले लोक घरेदारे सोडून बाहेर पळत होते. मोकळी हवा आणि स्वच्छ पाणी यांचे मोल या साथीने मुंबईकरांना चांगलेच शिकवले. आसपासच्या डोंगरांवरील थंड हवेची ठिकाणे त्यांना अधिक जवळची वाटू लागली.

माथेरान हे असेच एक ठिकाण. सह्याद्रीच्या मुख्य रांगेपासून थोडा वेगळा उभा असलेला हा डोंगर सुमारे ८०० मीटर उंच आहे. त्याच्या माथ्यावर घनदाट रान आहे. आसपासच्या वाड्यांतील ठाकर, कातकरी आणि धनगर लोकांना हा डोंगर पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होता. सन १८५०मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट येथे चढून आले. त्यांना ही जागा फार आवडली. पुढे मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांनी येथे वस्तीसाठी उत्तेजन दिले. मग इंग्रज अधिकारी आणि मुंबईचे पारशी, बोहरा, हिंदू व्यापारी उन्हाळ्यात माथेरानला जाऊ लागले. काहींनी तेथे बंगले बांधले.

पण तेथे पोचणे सोपे नव्हते. १८५६ सालापासून मुंबईहून नेरळपर्यंत आगगाडी जात होती. नेरळला उतरले की खरी अडचण सुरू होई. पुढची वाट खड्या चढणीची होती. धडधाकट माणूस पायी जाई. ज्याच्याजवळ पैसे असत तो घोडा करी किंवा पालखीत बसे. पालखी म्हणजे माणसाने माणसाला खांद्यावर वाहून नेणे. हमाल घामाघूम होऊन धापा टाकत तो डोंगर चढत. म्हातारी माणसे, आजारी माणसे आणि लहान मुले यांचे फार हाल होत. शिवाय हंगामात गर्दी झाली की घोडेही मिळत नसत आणि पालख्याही मिळत नसत.

पीरभॉय कुटुंबाचे माथेरानला नेहमी जाणे-येणे होते. एकदा आदमजी नेरळला उतरले असता त्यांना वर जाण्यासाठी एकही वाहन मिळाले नाही, आणि तेथूनच त्यांना मुंबईला परत फिरावे लागले, अशी एक आख्यायिका सांगतात. आता माथेरानला जाईन तर आगगाडीनेच जाईन, असा निश्चय त्यांनी त्या वेळी केला म्हणे. आख्यायिकेतला खरेखोटेपणा आज तपासून पाहता येत नाही. पण पुढे जे घडले ते मात्र इतिहासात नोंदलेले आहे. आदमजींचे पुत्र अब्दुल हुसेन यांनी सन १९००मध्ये माथेरानच्या लोहमार्गाची योजना आखली. पैसा वडिलांचा होता आणि काम पार पाडण्याची जबाबदारी मुलाची होती.

डोंगरावर आगगाडी नेण्याचे काम आपल्या देशात त्याआधी झाले होते. १८८१ साली दार्जिलिंगची गाडी सुरू झाली होती. निलगिरीच्या डोंगरात १८९९ साली कुन्नूरपर्यंत गाडी पोचली होती. कालका ते सिमला हा मार्ग १९०३ साली पुरा झाला. पण त्या कामांमागे मोठ्या कंपन्या होत्या आणि सरकारचे बळ होते. येथे मात्र एक कुटुंब आपल्या हिमतीवर डोंगराला हात घालत होते.

अब्दुल हुसेन यांनी या कामात एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनियरचा सल्ला घेतला. कॅलथ्रॉप यांना अरुंद रुळांच्या गाड्यांचा मोठा अनुभव होता. आपल्या सोलापूर जिल्ह्यातील बार्शीची प्रसिद्ध छोटी रेल्वे त्यांनीच उभारली होती. ती १८९७ साली सुरू झाली होती. पण बार्शीचा मुलूख सपाट होता. माथेरानला समोर उभा कडा होता.

मुख्य अडचण काय होती, ते थोडे हिशेब करून पाहू. नेरळ गाव समुद्रसपाटीपासून सुमारे ४० मीटर उंचीवर आहे. माथेरान सुमारे ८०० मीटर उंचीवर आहे. म्हणजे गाडीला ७६० मीटर वर चढायचे होते. लोखंडी चाक लोखंडी रुळावर फार चढ चढू शकत नाही. चढ जास्त झाला की चाक जागच्या जागी फिरते आणि गाडी मागे घसरू लागते. म्हणून असे ठरले की, वीस मीटर पुढे गेल्यावर एक मीटरपेक्षा अधिक चढायचे नाही. आता ७६०ला २०ने गुणले तर १५,२०० मीटर होतात. म्हणजे गाडी सतत चढत राहिली तरी निदान पंधरा किलोमीटरचा मार्ग हवा. मध्ये स्टेशनांसाठी सपाट जागा हव्यात, वळणांवर चढ कमी हवा. म्हणून प्रत्यक्षात हा मार्ग सुमारे २१ किलोमीटर लांब झाला. पायी चालणारा माणूस याच्या जवळजवळ निम्म्या वाटेने वर पोचतो. गाडीला मात्र डोंगराला वळसे घालत, पुढे जाऊन मागे वळत, हळूहळू उंची गाठावी लागते.

या मार्गावर दोनशेहून अधिक वळणे आहेत. काही ठिकाणी रूळ घोड्याच्या नालेसारखे पूर्ण वळतात. गाडीत बसलेल्या माणसाला थोड्या वेळापूर्वी आपण जेथून आलो तो मार्ग खाली दरीत दिसतो. अशा अवघड वळणांवर मोठ्या मापाचे रूळ बसवता आले नसते. मुंबई-पुणे मार्गावर दोन रुळांत साडेपाच फुटांचे अंतर असते. ते माप येथे वापरले असते तर वळणे फार मोठी घ्यावी लागली असती आणि डोंगर कितीतरी अधिक फोडावा लागला असता. म्हणून फक्त दोन फुटांचे माप निवडले गेले. ही निवड अतिशय शहाणपणाची ठरली.

रूळ अरुंद झाले, तरी इंजिनाचा प्रश्न उरलाच होता. इंजिनाची सगळी चाके ताठ बसवलेली असतील तर ते एवढ्या तीव्र वळणावर अडकते किंवा रुळांवरून उतरते. जर्मनीतील ओरेन्स्टाइन आणि कोपेल या कारखान्याने माथेरानसाठी चार वाफेची इंजिने तयार केली. त्यांच्या पुढच्या आणि मागच्या चाकांचे आस अशा खुबीने बसवले होते की वळणावर ती चाके थोडी बाजूला सरकू शकत. त्यामुळे इंजिन वळणाप्रमाणे आपले अंग वळवत चाले.

सन १९०४मध्ये प्रत्यक्ष कामाला सुरुवात झाली. आज यंत्रे काही दिवसांत जेवढा डोंगर कापतात, तेवढा कापायला त्या वेळी कित्येक महिने लागत. पहारी, कुदळी, घमेली आणि सुरुंगाची दारू एवढीच मजुरांची साधने होती. कड्याच्या पोटात रूळ बसतील एवढी सपाट पट्टी खोदायची, खालच्या बाजूला दगडाची भिंत रचायची, ओहोळांवर पूल बांधायचे, असे ते काम होते. एके ठिकाणी डोंगर पोखरून छोटा बोगदाही करावा लागला. या मार्गावर तो एकच बोगदा आहे. पावसाळा आला की काम थांबे. माथेरानचा पाऊस फार जोराचा असतो. त्या चार महिन्यांत दरडी कोसळत आणि केलेले कामही वाहून जाण्याची भीती असे. पावसाळा संपला की पुन्हा कुदळी उचलायच्या. ज्या शेकडो मजुरांनी हे काम केले, त्यांची नावे आज कोणालाच ठाऊक नाहीत. इतिहासात मालकाचे आणि इंजिनियरचे नाव राहते, मजुराचे राहत नाही. या मार्गावरून जाताना त्यांचीही आठवण ठेवली पाहिजे.

या कामासाठी सुमारे सोळा लाख रुपये खर्च आला. त्या काळी ही रक्कम प्रचंड होती. एवढा पैसा कापडाच्या गिरणीत किंवा जमिनीत घातला असता तर नफ्याची अधिक खात्री होती. माथेरानच्या गाडीचे तसे नव्हते. ती उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात चालणार, पावसाळ्यात बंद राहणार. डबे लहान, म्हणून प्रवासी थोडे. मार्ग डोंगरातला, म्हणून दुरुस्तीचा खर्च मोठा. व्यापाऱ्याने नुसता नफ्याचा विचार केला असता तर हे काम हाती घेतलेच नसते. आदमजींनी जन्मभर पैशापैशाचा हिशेब ठेवला होता. हे गणित त्यांना कळत नव्हते, असे म्हणता येणार नाही. तरीही त्यांनी मुलाला पाठिंबा दिला आणि काम मध्येच सोडू दिले नाही. याच ठिकाणी त्यांच्या मनाचा मोठेपणा दिसतो.

अखेर सन १९०७मध्ये नेरळ ते माथेरान ही गाडी सुरू झाली. वाफेचे फुत्कार टाकत छोटे इंजिन डोंगर चढू लागले. जुम्मापट्टी, वॉटर पाइप, अमन लॉज अशी स्टेशने घेत गाडी माथेरानच्या बाजारात पोचे. तिचा वेग फार कमी होता. आजही ती तासाला वीस किलोमीटरपेक्षा जोरात धावत नाही. उतारावर गाडी आवरण्यासाठी जुन्या काळी डब्यांवर हाताने ब्रेक लावणारी माणसे असत. पण म्हातारा माणूस आणि लहान मूल आता कोणाच्या खांद्यावर न बसता डोंगराच्या माथ्यावर जाऊ शकत होते.

ते वर्ष आदमजींच्या आयुष्यात फार महत्त्वाचे ठरले. त्याच वर्षी सरकारने त्यांना सर हा किताब दिला. वर्षाच्या शेवटी, डिसेंबर १९०७मध्ये, कराची येथे मुस्लिम लीगचे पहिले वार्षिक अधिवेशन भरले. त्याचे अध्यक्षपद सर आदमजींनी भूषवले. आगपेट्या विकून आयुष्याची सुरुवात करणाऱ्या माणसाला याहून मोठा मान कोणता मिळणार! यानंतर सहा वर्षांनी, सन १९१३मध्ये, सर आदमजी पीरभॉय यांचे निधन झाले.

माणूस गेला, पण त्याच्या घराने घातलेले रूळ राहिले. स्वातंत्र्यानंतर हा मार्ग मध्य रेल्वेच्या ताब्यात आला. पुढे डिझेलची इंजिने आली आणि १९८०नंतरच्या काही वर्षांत वाफेची इंजिने निवृत्त झाली. २६ जुलै २००५ रोजी कोकणात आणि मुंबईत अतिवृष्टी झाली. तेव्हा हा मार्ग ठिकठिकाणी वाहून गेला. लोकांना वाटले, आता ही गाडी कायमची बंद पडणार. पण रेल्वेच्या कामगारांनी तो पुन्हा बांधला आणि २००७ साली, मार्गाला शंभर वर्षे होत असताना, गाडी पुन्हा धावली. २०१९च्या पावसाळ्यात मार्गाचे पुन्हा मोठे नुकसान झाले. त्यानंतर ऑक्टोबर २०२२मध्ये नेरळपासून माथेरानपर्यंत गाडी परत सुरू झाली. या प्रत्येक दुरुस्तीच्या वेळी एक गोष्ट लक्षात येते. आज एवढी साधने हाताशी असूनही हा मार्ग पुन्हा उभा करायला काही वर्षे लागतात. मग पहारी आणि कुदळी घेऊन तो प्रथम ज्यांनी उभा केला, त्यांची हिंमत केवढी असेल!

माथेरान गावात मोटारींना बंदी आहे. त्यामुळे तेथे आजही झाडांची दाट सावली आणि लाल मातीचे शांत रस्ते आहेत. या शांततेसाठी मात्र कष्टकरी माणसांनी फार काळ किंमत मोजली. डोंगरावर पालखी गेली, तरी गावात माणूस माणसाला हातरिक्षात बसवून ओढत राहिला. सन २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही हातरिक्षांची पद्धत सहा महिन्यांत बंद करण्याचा आणि रिक्षा ओढणाऱ्यांना दुसरे साधन देण्याचा आदेश दिला. माणसाच्या खांद्यावरचे ओझे उतरवण्याच्या कामात माथेरानच्या आगगाडीने १९०७ सालीच पहिले पाऊल टाकले होते, हे यावरून कळते.

विद्यार्थी मित्रांनो, पैसा मिळवणारे लोक जगात पुष्कळ असतात. ते गेल्यावर त्यांचा पैसा वाटला जातो, खर्च होतो आणि संपतो. पण ज्या पैशाचा रस्ता होतो, पूल होतो, शाळा होते किंवा दवाखाना होतो, तो पैसा मालकाच्या मागे उरतो आणि ओळख नसलेल्या माणसांच्याही उपयोगी पडतो. आदमजी पीरभॉय लहानपणी मुंबईच्या रस्त्यांवर पायी हिंडले होते. चालणाऱ्याचे पाय कसे दुखतात, हे त्यांना माहीत होते. कदाचित म्हणूनच नेरळहून माथेरानपर्यंतची ती अवघड वाट इतरांसाठी सोपी करावी, असे त्यांच्या घराला वाटले असेल.

तुम्ही कधी सहलीला माथेरानला गेलात तर गाडीच्या खिडकीतून दरी जरूर पाहा. त्याचबरोबर रुळांखालच्या दगडी भिंतीकडेही पाहा. एक बाप, एक मुलगा आणि नाव नसलेले शेकडो मजूर यांच्या मेहनतीची खूण तेथे दिसेल.

शब्दार्थ

आगपेटी – काडेपेटी, माचिस
किरकोळ – थोडे, लहानसहान
ठेकेदारी – ठरलेल्या किमतीत काम किंवा माल देण्याचा व्यवसाय
पलटण – सैन्याची तुकडी
सढळ हाताने – उदारपणे
आरोग्यधाम – आजारी माणसांनी विश्रांती घेण्याची जागा
आख्यायिका – लोकांत सांगितली जाणारी गोष्ट
कडा – डोंगराची उभी बाजू
आस – चाके ज्यावर फिरतात तो दांडा
खुबीने – युक्तीने, कौशल्याने
पहार – खोदण्याचे जड लोखंडी हत्यार
दरड – डोंगराचा कोसळणारा भाग
फुत्कार – जोराने बाहेर पडणाऱ्या वाफेचा आवाज
किताब – पदवी, मानाचे नाव

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) आदमजी पीरभॉय लहानपणी कोणता व्यवसाय करत?
(आ) माथेरानच्या मार्गावर दोन रुळांमधले अंतर किती आहे?
(इ) या मार्गाच्या कामाला कोणत्या वर्षी सुरुवात झाली?
(ई) सन १९०७मध्ये सरकारने आदमजींना कोणता किताब दिला?

२. चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) गाडी सुरू होण्यापूर्वी माथेरानला जाणाऱ्या लोकांचे कसे हाल होत?
(आ) माथेरानचा लोहमार्ग पायवाटेपेक्षा लांब का झाला?
(इ) हे काम नफ्याचे नव्हते, असे लेखकाला का वाटते?

३. कारणे द्या.
(अ) आदमजींना सैन्याची कामे मिळत गेली.
(आ) इंजिनाची चाके बाजूला सरकतील अशी बसवली होती.
(इ) मजुरांचीही आठवण ठेवली पाहिजे.

४. पुढील शब्द मराठीत आणि उर्दूत दोन्हीकडे वापरले जातात. प्रत्येकाचा मराठी वाक्यात उपयोग करा.
मेहनत, हिंमत, कारखाना, बाजार, जमीन

५. तुमच्या गावात एखादी शाळा, विहीर, दवाखाना किंवा पूल कोणी तरी स्वतःच्या पैशाने बांधला आहे का? घरातील मोठ्या माणसांना विचारा आणि त्याविषयी दहा ओळी लिहा.